उगमाचा रकाना

मुहर्रकच्या जुन्या बाजारामागे, दुसऱ्या मजल्यावर
आमची रत्नं तपासायची खोली. एसीला खोकला झालाय.
अहवालात चार रकाने: वजन, रंग, जात,
आणि चौथा, ज्याचे लोक खरे पैसे मोजतात:
उगम.

दगड बोलत नाही, त्याच्या पोटातलं बोलतं.
पाचूत द्रवाचा थेंब, थेंबात बुडबुडा
आणि मिठाचा एक चौकोनी कण,
की मी डोळे झाकून लिहितो, कोलंबिया.
जबरजद येतो तांबड्या समुद्रातल्या एका बोडक्या बेटावरून,
तिथे प्यायला पाणी नाही,
आणि भिंगाखाली त्याच्या आत कमळाची पानं तरंगतात.
बदख्शानचा लाल
कित्येक पिढ्या राजांच्या पगडीत माणिक म्हणून बसला.
माणिक नव्हताच तो. पगड्या गेल्या, तो आहे.
पिरोजा निशापूरचा; विकला तुर्कांनी,
तर फिरंगी त्याला तुर्कीच म्हणत राहिले.

आणि बसरा मोती!
बसऱ्यात शिंपला नव्हता हो, पेढी होती.
शिंपले इथले, या खिडकीतून दिसतं त्या पाण्यातले.
नाव मात्र दुकानाचं लागलं.

हसू नये मी. मी मिठबावकर.
मिठबाव एकदाच पाहिलं, एसटीतून, अर्धवट झोपेत.

मंगळवारी रिफाहून शरयू इंगवले आल्या.
डबीत कापूस, कापसात नथ, पणजीची.
विम्यासाठी कागद हवा होता.
सात मोती, मधे लाल काच
(काचेचं त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही).
एका मोत्याच्या भोकात हळदीचा कण अडकलेला,
तो कुठल्या रकान्यात घालू, कळेना.

क्ष-किरणांत मोती कांद्यासारखा उलगडतो,
पापुद्र्यावर पापुद्रा, मधे काहीच नाही
किंवा नाहीसारखं काहीतरी.
हिस्साचा यंत्रावर विश्वास नाही.
ती मोती दातावर घासते, डोळे मिटून.
खऱ्याला बारीक वाळू लागते म्हणे.
मग तागडीत. माप अजून तेच जुनं, चव.
मुंबईच्या मोतीवाल्यांनी ते इथे आणलं
की इथून तिकडे नेलं, उगम माहीत नाही.
किती चव? साडेतीन.
मला दर वेळी तोंडाला पाणी सुटतं.

हिस्सा, म्हणजे वाटा.
तिचे आजोबा जुमआ, नाकाला कासवाच्या पाठीचा चिमटा,
पायाला दगड, चार महिने वर-खाली, वर-खाली.
वाटा मिळायचा तो आधीच्या उसनवारीत जायचा,
उरलेली उसनवारी मुलाला जायची.
नातीला नाव मिळालं.
ती हे सांगते ते चहात साखर ढवळत,
जणू दुसऱ्या कुणाचे आजोबा.

सहा मोती या आखातातले. सातवा लावणीचा,
जपानी शेतातला, आत शिंपल्याचा गोल मणी घातलेला.
कधीतरी कुणीतरी बदललेला.
कुणी, कशासाठी, यंत्र सांगत नाही.

मी बाईंना खुर्ची दिली. पाणी दिलं.
अशा वेळी लोक आधी आवाज चढवतात, मग जावांची नावं घेतात.
त्यांनी चष्मा लावला. कुठला?
मी चिमट्याने दाखवला.
खूप वेळ बघत राहिल्या.
"हाच का," म्हणाल्या,
"लहानपणापासून हाच मला सगळ्यांत आवडतो.
कसा गोल आहे बघा."

गोल होता खरा. बाकीचे सहा
जरा बसके, जरा वाकडे, माणसांसारखे.

कागद त्यांनी घडी करून पर्समध्ये टाकला,
नथ मुठीत ठेवली.
जिन्याच्या दारातून वळल्या,
आपली माणसं वळून विचारतात तसं विचारलं,
"आणि तुम्ही कुठले?"

हिस्सा तागडी पुसत होती.
मी म्हणालो, मिठबावचा.